उष्टी लाळ

मी माझ्या मित्राची लाळ उकळली, आणि ती उकळलेली आहे हे त्याला सांगितले नाही. कृत्य एवढेच. ऐकणाऱ्याला ते क्षुल्लक वाटेल, कदाचित हसूही येईल. परंतु त्या लाळेवर त्याची एम.एस्सी.ची जागा अवलंबून होती. आणि ती उकळण्यामागचे कारण पुढची अनेक वर्षे मी स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्यात उच्चारले नव्हते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नगरच्या एका महाविद्यालयात आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि प्रयोगशाळेत एकाच टेबलावर काम करत होतो. मी नेवाशाकडच्या एका खेड्यातून आलेला, नगरमध्ये खोली घेऊन राहणारा. तो नगरचाच, त्याचे वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्याचे घर बौद्ध. माझे घर, गावात स्वतःला वरचे समजणाऱ्या घरांपैकी एक. या दोन्ही गोष्टी आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळल्या होत्या आणि त्यांविषयी आम्ही कधी चकार शब्द काढला नाही. न बोलणे म्हणजेच पुढारलेपण, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

त्या वर्षी आम्हाला विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, प्रकरण होते. शरीरातली एकेक रासायनिक क्रिया घडवून आणणारे आणि स्वतः न संपणारे हे पदार्थ; त्यांची व्याख्या बहुतेकांनी पाठ केली आणि पुढचे पान उलटले. माझा मित्र मात्र तिथेच थांबला. त्याला पडलेला प्रश्न साधा होता. मांस विरघळवणारी, पिठाची साखर करणारी ही जालीम द्रव्ये पेशी स्वतःच तयार करते. मग ती स्वतःलाच का पचवून टाकत नाही? कधी चालायचे आणि कधी थांबायचे, हे विकराला सांगते कोण?

आमच्या सरांनी वर्गात त्याचे उत्तर दिले. ते इंग्रजीत होते आणि लांबलचक होते. बाहेर पायऱ्यांवर बसून मित्राने त्याचे नगरी भाषांतर केले.

"कारखान्याचं गोदाम साखरेनं भरलं की मॅनेजर काय करतो? मधली यंत्रं एक-एक बंद करत बसतो व्हय? सरळ ऊस टाकायच्या गव्हाणीवर निरोप धाडतो, मोळी टाकू नका. म्हंजे साखरच ऊस थांबवती. पेशीत तेच हाय."

मी आजही विद्यार्थ्यांना हे प्रकरण शिकवताना तेच उदाहरण देतो. तयार झालेला शेवटचा पदार्थ मागे जाऊन साखळीतल्या पहिल्याच विकराला अडवतो, आणि तेही बहुधा त्याच्या तोंडात, म्हणजे घास धरण्याच्या खाचेत, बसून नव्हे. तो दूर कुठेतरी, विकराच्या पाठीला किंवा बगलेला चिकटतो. तिथल्या दाबाने तोंडाचा आकार बदलतो आणि समोर आलेला घास मग त्याला धरता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, तोंडच खराब आहे. खोड असते दुसरीकडे.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक छोटा प्रकल्प करायचा होता आणि तो बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर करून दाखवायचा होता. मित्राला पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायची होती. दुसऱ्या वर्षी काविळीने त्याचे दोन पेपर बिघडले होते. प्रकल्पात भरघोस गुण मिळाले तरच तो जागेच्या जवळ पोहोचणार होता. हे मला माहीत होते. टेबलावरच्या सगळ्यांनाच माहीत होते, कारण तो ते लपवत नसे.

त्याने विषय निवडला तो लाळेचा. लाळेतले विकर पिठाचे तुकडे करून साखर करते. भाकरीचा घास बराच वेळ चघळला की गोड लागतो, तो त्यामुळेच. त्या विकराला मिठातला क्लोराइड लागतो. लाळ सेलोफेनच्या नळीत भरून, दोन्ही तोंडे दोऱ्याने बांधून, ती रात्रभर ऊर्ध्वपातित पाण्यात लोंबती ठेवली की क्लोराइड झिरपून बाहेर जातो आणि विकर, आकाराने मोठे असल्यामुळे, आत राहते. अशी धुतलेली लाळ पिठाच्या पाण्यात घातली आणि वर आयोडीनचा थेंब टाकला तर गडद निळा रंग येतो आणि हटत नाही. पीठ आहे तसेच आहे, विकर जवळजवळ निपचित आहे. मग त्यात चिमूटभर मीठ घालायचे. थोड्या वेळाने काढलेल्या थेंबांत निळा रंग फिकट होत जातो, जांभळा, मग विटकरी, आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळा उरतो. विकर जागे झालेले असते.

"मेलं नव्हतं. झोपलं हुतं," असे तो दर वेळी म्हणे आणि दर वेळी त्याला त्याचा नव्याने आनंद होई.

मला त्या प्रयोगाची किळस येई. सकाळी तो स्वच्छ चूळ भरून येई, खिशातून चिंचेचे बुटुक काढून डोळ्यांसमोर धरी, आणि तोंडाला सुटलेले पाणी बीकरमध्ये सोडत राही. वर फेस, खाली चिकट तार. बीकर तिरपा केला की ती तार काचेवरून गोगलगायीसारखी सरके. तिकडे न पाहण्याचा मी प्रयत्न करी आणि तरीही पाहत राही. त्यातून मग नळी भरण्याचे काम. दोन्ही हात नळी धरण्यात गुंतलेले असल्याने तो दोऱ्याचे एक टोक दातांत धरून गाठ मारी, दोरा लाळेने ओला होई, नळी फुगे, आणि ती टपोरी, पांढुरकी, आतड्यासारखी पिशवी तो बोटावर झुलवत मला दाखवी. मी जे हसू चेहऱ्यावर आणत असे, ते आठवले की आज मला त्या पिशवीपेक्षा त्या हसण्याची शिसारी येते.

माझा स्वतःचा प्रकल्प विकर थांबवण्याचा होता. मोरचुदाच्या पाण्याने विकर कसे बंद पडते, हे मी दाखवणार होतो. सरांनी मलाही लाळच सुचवली होती. मी मोड आलेल्या ज्वारीचा अर्क घेतला. ज्वारीतही तेच विकर असते, काम तेच करते, आणि ते कोणाच्याही तोंडातले नसते. सरांना मी सांगितले की, ज्वारी आपल्या भागातली आहे. सरांना ते कौतुकास्पद वाटले.

आता घराविषयी सांगितले पाहिजे. 'उष्टे' हा शब्द मी शिकलो तो बहुधा 'आई' या शब्दापाठोपाठ. उष्टे खाऊ नये, उष्ट्या हाताने वाढू नये, उष्ट्या भांड्याला भांडे लावू नये. आमच्याकडे शेतावर कामाला येणाऱ्या काही माणसांचा चहाचा कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा असे. चहा झाला की ते स्वतः तो विसळत. नंतर आई त्याच्यावर आधणाचे पाणी ओती आणि तो पुन्हा कोनाड्यात पालथा घाली. ती रागाने हे करत नसे. देवापुढे दिवा लावावा तितक्या शांतपणे करी. आणि हीच आई रोज वडिलांचे जेवण झाल्यावर त्यांच्याच उष्ट्या ताटात स्वतःला वाढून घेई. त्यात तिला काही वाटत नसे, आम्हालाही नसे. म्हणजे किळस लाळेची नव्हती. कोणाची लाळ, याची होती. एवढी साधी गोष्ट, विज्ञानाची पदवी घेत असतानाही माझ्या ध्यानात आली नाही, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. ध्यानात आली होती. मी तिच्याकडे पाठ करून उभा होतो.

मित्राच्या घरी मी अनेकदा गेलो. त्याची आई प्रेमळ होती, "च्या टाकू का?" असे विचारी. मी म्हणे, नको मावशी, आत्ताच झाला. कधी म्हणे, आज चतुर्थी आहे. कधी एकादशी. पाण्याच्या तांब्याला मी ओठ लावला नाही. एकदा वरून ओतून प्यायलो आणि अंगावर सांडून घेतले. मित्र हे सारे बघत होता. त्याने त्याची थट्टा केली, आणि थट्टा करून मला वाचवले.

"आई, ह्याला इचारू नको. ह्याच्या पंचांगात भाकरीचा वारच न्हाई," तो म्हणे. मग मी दारात दिसलो की त्याचा ठरलेला प्रश्न असे. "या पाव्हणं. आज कसला उपास?"

मी हसे. तोही हसे. त्याच्या हसण्याच्या तळाशी काय असेल, हे तपासून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

एकदा महाविद्यालयाच्या कुंपणाशी त्याने पेरू घेतला. सुरी नव्हती. त्याने खिशातला धुतलेला रुमाल पेरूवर गुंडाळला आणि कापडातून दाताने त्याचे दोन भाग केले. लहान मुले याला चिमणीचा दात म्हणतात. मधे कापड असले की वस्तू उष्टी होत नाही, असा आमच्याकडच्या साऱ्या पोरांचा कायदा आहे. "घे, चिमणीच्या दातानं तोडलाय," तो म्हणाला. मोठ्या माणसाने मोठ्या माणसासाठी हे केले होते. माझ्या अडचणीला त्याने लहानपणाची सोय काढून दिली होती. मी तो अर्धा पेरू घेतला, नंतर खाईन म्हणालो, आणि खोलीवर परतताना वाटेतल्या गटारात टाकला.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. ते संगमनेरहून निघाले होते आणि ठरल्यापेक्षा लवकर पोहोचत असल्याचा निरोप वर्कशॉपमधल्या कोणीतरी आणला. त्याने घाईघाईने लाळ काढून ठेवली होती, पण नळी भरायची राहिली होती. नळी रात्रभर पाण्यात राहिली नाही, तर सकाळी दाखवायला काहीच उरणार नव्हते.

"एवढी बांधून टाक राव," तो म्हणाला. "तू रोज बघतोस. दोन गाठी मारायच्या आन् बीकरात सोडायची." आणि तो सायकल काढून गेला.

प्रयोगशाळेत मी आणि दारात किल्ल्या हलवत उभा असलेला शिपाई. टेबलावर त्याचा बीकर. फेस बसला होता. तळाशी गढूळ, तारेचे पाणी. मी नळी भिजवली, दोरा कापला, आणि बीकर उचलताना काचेबाहेर ओघळलेला एक थेंब माझ्या बोटाला लागला. मी बोट नळाखाली धरले, साबणाने घासले, हुंगले, पुन्हा घासले. दोऱ्याचे टोक दातांत धरावे लागणार होते; मी दोरा खाली ठेवला.

त्यानंतर मी जे केले ते हातांनी केले. मी बर्नर पेटवला आणि बीकर जाळीवर ठेवला.

हे अज्ञान नव्हते. उष्णतेने विकर मरते, हे मला पाठ होते. आमच्या प्रत्येक प्रयोगात उकळलेला नमुना तुलनेसाठी ठेवलेला असे, आणि तो कधीच काम करत नसे. मी मनाशी म्हणालो, नुसते कोमट करायचे. तोंडात तरी लाळ कोमटच असते. कोमट करून काय साधणार होते, हे मी स्वतःला विचारले नाही. कोनाड्यातल्या कपावर आधण ओतणारा हात आणि हा हात एकच होता, आणि त्याला रसायनशास्त्र येत नव्हते. तेवढ्यात बीकरमधून वास सुटला. शिळ्या पेजेसारखा, त्यात काहीतरी केसांसारखे जळकट. मी तोंड फिरवले, नाकावर रुमाल दाबला आणि खिडकीपाशी गेलो. वळून पाहिले तेव्हा बीकर खदखदत होता. काचेला पांढऱ्या चिंध्या चिकटल्या होत्या.

मी आच बंद केली. अजूनही वेळ गेली नव्हती. माझी लाळ काढून नळी भरता आली असती. लाळेवर कोणाचे नाव लिहिलेले नसते. मी दुसरा बीकर घेतला आणि तोंडापाशी धरला. तोंड कोरडे ठक्क. चिंच आठवली, आवळा आठवला, कैरी आठवली. किळसेने माझ्या तोंडातला झराच बंद केला होता. शिपाई म्हणाला, "आवरा साहेब, कुलूप लावायचंय." मग मी ती उकळलेली लाळ, गार झालेली, कापसातून गाळून नळीत भरली. आता मला ती धरता येत होती. दोरा दातांत धरूनही गाठ मारता आली. ती शुद्ध झाली होती.

सकाळी मित्र नवा शर्ट घालून आला. बहिणीचे जमले होते. पिशवी उजेडात धरून तो म्हणाला, "जरा दुधाळ दिसती का रे?" मी म्हणालो, रात्री गारठा होता.

बाहेरचे परीक्षक पुण्याचे होते, वयस्क, घाईत असलेले. माझा प्रयोग आधी झाला. मोरचुदाने ज्वारीचे विकर आज्ञाधारकपणे थांबले. परीक्षक माझे टेबल, फडके, पुसून ठेवलेल्या परीक्षानळ्या पाहून म्हणाले की, काम फार स्वच्छ आहे. तो शब्द मी अनेक वर्षे अंगावरच्या चिकट्यासारखा वागवला.

मग मित्राची पाळी. त्याने धुतलेल्या लाळेचा निपचितपणा दाखवला, निळा रंग दाखवला, आणि एखादा जादूगार रुमाल उचलतो तशा आनंदाने मिठाची चिमूट टाकली. आम्ही थांबलो. त्याने थेंब काढला; निळा. पुन्हा थांबून काढला, निळा. आणखी मीठ टाकले. निळा, तसाच, दौतीतल्या शाईसारखा. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने तिथेच, परीक्षकांसमोर, बीकरमध्ये थुंकून ताजी लाळ घेतली; तिने पीठ पचवले. परीक्षक एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. ते म्हणाले, लाळेने पीठ पचते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते; मिठाने विकर जागे होते हा तुमचा दावा आहे, तो दाखवा. मग त्यांनी त्याची आधीची निरीक्षणे चाळली आणि विचारले, ही प्रयोगशाळेत घेतली की घरी बसून?

मित्राने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आरोप नव्हता. आरोप असता तर कदाचित मी बोललो असतो.

"बांधताना काही झालं का रे?"

"नाही," मी म्हणालो. "नेहमीसारखंच."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावले. "मेलेल्याला मीठ चोळून जागं करता येत नाही," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

दुपारी चहाच्या टपरीवर आमच्याच वर्गातला एकजण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "लाळेला सवलत लागू नसती वाटतं." तीन-चार जण हसले. मित्र पाठमोरा होता. त्याने ग्लास खाली ठेवला आणि सायकलकडे गेला. हसणाऱ्यांत मी होतो. मोठ्याने नव्हे. फक्त ओठांच्या कडेने, जेवढे हसल्याने आपण त्यांच्यातलेच ठरतो तेवढे. लाळ उकळण्यात निदान क्षणभराचा गोंधळ होता. या हसण्यात तोही नव्हता.

मला पुण्याची जागा मिळाली. त्याला मिळाली नाही. त्याने नंतर रक्त-लघवी तपासण्याचा डिप्लोमा केला आणि नगरमध्येच एका गल्लीत स्वतःची लॅब काढली, एवढे मला इतरांकडून कळले. मी पाथर्डीला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागलो. दर वर्षी लाळेचा प्रयोग आला की मी मुलांना मोड आलेली ज्वारी आणायला सांगे. आरोग्याच्या दृष्टीने बरे, असे कारण देई. एका वर्षी पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, पुस्तकात तर लाळ दिलीय. आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे ना ती?" मी तिला खाली बसायला सांगितले. नगरला कामासाठी गेलो की मी त्या गल्लीच्या तोंडावरून पलीकडच्या बाजूने जाई.

त्याच दशकाच्या अखेरीस एका सकाळी माझ्या पोटात कळ उठली आणि पाठीतून आरपार गेली. एस.टी.त मी अक्षरशः दुमडून नगरला पोहोचलो. स्वादुपिंडाला सूज होती. मी जे शिकवत होतो तेच माझ्यात घडले होते. स्वादुपिंड आपली पाचक विकरे निष्क्रिय रूपात तयार करते, झाकण लावून, वर राखणीला एक निरोधकही ठेवते. आतड्यात पोहोचल्यावरच ते झाकण निघायचे असते. ते आतच निघाले की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. ओकारीत निघालेले हिरवे कडू पाणी मी पाहत होतो, आणि दुखण्याच्या त्या गोंधळातही मला मित्राचा पायऱ्यांवरचा प्रश्न ऐकू येत होता. स्वतःलाच का पचवत नाही?

बरे वाटल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले. रक्तात उतरलेले, लाळेतल्यासारखेच पीठ पचवणारे ते विकर खाली आले का, हे पाहायचे होते, आणि चरबीही. म्हणून उपाशीपोटी जायचे होते. समोरच्या गल्लीत जा, तिथली तपासणी खात्रीची असते, असे ते म्हणाले. त्यांनी सांगितलेली लॅब त्याचीच होती. मी दुसरीकडे जाऊ शकलो असतो. गेलो नाही, ते धैर्याने की थकव्याने, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

लॅब छोटी होती. झाकणाच्या डब्यांची रांग, कोणाची थुंकी, कोणाची लघवी, कोणाचे आणखी काही. फिनेलच्या वासाखाली तो दुसरा वास. तो साऱ्या गावाची घाण हातात मोजे घालून, प्रत्येक डबीवर काळजीने चिठ्ठी चिकटवून तपासत होता. डोक्यावरचे केस कमी झाले होते. त्याने मला ओळखले आणि स्टुलाकडे बोट केले.

"या पाव्हणं. आज कसला उपास?"

"आज खरा आहे," मी म्हणालो.

तो हसला. त्याने माझ्या दंडाला रबरी नळी आवळली, एक टोक दातांत धरून, जुन्याच सवयीने. सुई आत गेली, नळीत रक्त चढले. विकर वाढले होते म्हणे तुझे, असे त्याने चौकशीच्या सुरात विचारले. मी हो म्हणालो. त्याने सुई काढली, टोचल्या जागी कापूस ठेवला आणि दाबून धरायला सांगितले. मी दाबून धरले आणि बोलू लागलो. इतकी वर्षे घासूनपुसून तयार ठेवलेले माझे वाक्य असे होते: "परीक्षेच्या आदल्या दिवशी तुझा नमुना तापला होता."

त्याने रक्ताच्या नळीवर चिठ्ठी लावली. मग वर न बघता विचारले, "तापला, का तापवला?"

एका अक्षराचा फरक होता. मराठीने तो माझ्यासाठी राखून ठेवला होता.

"तापवला," मी म्हणालो. "मीच. बर्नरवर. उकळला."

"का?"

बाहेरच्या बाकावर एक बाई बाळाला घेऊन बसली होती. मधे नुसता पडदा होता. मला वाटले, हळू बोलावे. मग वाटले, हळूच तर बोलत आलो.

"उष्टा वाटला म्हणून. तुझा म्हणून. हाताला लागला होता, तो सहन होईना."

त्याने मोजे काढले, एकात एक उलटे घातले, डब्यात टाकले. "लाळ कशी उष्टी व्हईल रे?" तो म्हणाला, जणू एखादे गणित तपासत असावा. "तिच्यानं बाकीचं उष्टं हुतं." आणि थोड्या वेळाने, पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून, "मला वाटायचं माझंच काय तरी चुकलं. वर्षभर घरी करून बघितला मी त्यो प्रयोग. दर वेळी जागं हुत हुतं."

कापूस माझ्या बोटाखाली केव्हाच कोरडा झाला होता. मी उभा राहिलो. पडद्यापलीकडच्या बाईला ऐकू जाईल, बाकावरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने मी म्हणालो:

"तुझा प्रयोग बरोबर होता. मी तो मारला, तुझ्या तोंडावर खोटं बोललो, आणि टपरीवर ते तुला हसले तेव्हा त्यांच्यात मीही हसलो. तुझ्या आईच्या घरचं पाणी मी प्यायलो नाही, तेही उपासामुळे नव्हे. तू दिलेला पेरू मी गटारात टाकला. मला माफ कर."